बाबा धाव चढवून राहिले

बाई पुण्याहून आल्या त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीचं आणि त्यांचं बिनसलं. निमित्त झालं एका ओल्या पाटीचं.

तास सुरू झाला होता. बाईंनी पाट्या काढायला सांगितल्या. माझ्या शेजारची माझी मैत्रीण मात्र खाली मान घालून फडक्याने पाटीशी झटत होती. बाईंनी विचारलं, "तू काय करत्येस गं?"

ती उभी राहिली. "पाटी पुसून राहिली, बाई."

"पाटी पुसून राहिलीस? कुठे राहिलीस?"

ती जराशी गोंधळली. मग तिने अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "गोहलपुरात."

अख्खा वर्ग हसला. बाईंना वाटलं, पोरगी उलट उत्तर देते आहे. त्यांनी तिला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. ती राहिली उभी, पण आपलं काय चुकलं ते तिला कळलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही कळलं नाही. आम्ही हसलो ते गोहलपूरला हसलो होतो, कारण तो मोहल्ला म्हणजे लोहार, सुतार, कासार आणि दिवसभराची ठोकाठोक. 'पुसून राहिली' यात काही वावगं आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. निम्म्या वर्गाच्या घरी तसंच बोलत.

आमची मुलींची मराठी शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक लांब पडवी. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं. आम्ही जबलपूरचे मराठी लोक स्वतःला त्या नागपूरचे लांबचे नातेवाईक समजत असू. बाहेर सगळा व्यवहार हिंदीत. दूधवाला हिंदी, टांगेवाला हिंदी, आम्ही मुली लंगडी खेळताना भांडायचो तेही हिंदीत. मराठी राहिली होती ती घरात आणि या दोन खोल्यांत. त्यातही दोन तऱ्हा होत्या. आमच्यासारखी काही घरं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेली. ती आपलं बोलणं शुद्ध आहे असं समजत. वऱ्हाडातून, नागपुराकडून कामधंद्यासाठी आलेली घरं तिकडचं बोलणं जसंच्या तसं बरोबर घेऊन आली होती. माझ्या मैत्रिणीचे वडील अमरावतीकडचे लोहार. बैलगाड्यांच्या आणि टांग्यांच्या चाकांचं काम करायचे.

बाई तेव्हा पंचविशीच्या असतील. लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात शिकलेल्या, आणि एक लोखंडी ट्रंक घेऊन एकट्या आगगाडीत बसून आमच्या गावी आलेल्या. त्या काळी आमच्या गल्लीतली बाई एकटी गावातल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात जायची तरी चार जणी विचारायच्या. बाईंना कुणी विचारलं की त्या नुसतं "हो, एकटी आले" एवढंच म्हणत आणि पुढच्या कामाला लागत. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या. त्यांच्यासारखं सरळ बसावं, त्यांच्यासारखा खडू धरावा, असं वाटायचं.

त्या तापट नव्हत्या, पण शिस्तीच्या होत्या. पाटीच्या प्रसंगानंतर त्यांनी एक कोरी वही आणली, मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'अशुद्ध', उजवीकडे 'शुद्ध'. वर्गात कुणाच्याही तोंडून चुकीचा शब्द आला की तो या वहीत जाणार. अक्षर चांगलं म्हणून वही माझ्या ताब्यात आली. डावीकडे काहून, उजवीकडे का. टोंगळा, गुडघा. वावर, शेत. सांबार, कोथिंबीर. आमचं अच्छा आणि चलो यांनाही त्या वहीत जागा मिळाली. मी बोरूने, शाई सांडू न देता, एकेक शब्द कोरून लिहीत असे, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

डावीकडचे बहुतेक शब्द माझ्या मैत्रिणीचे होते. पंधरा दिवसांत तिने वर्गात बोलणं कमी केलं आणि महिन्याभरात बंदच केलं. बाईंनी काही विचारलं की ती मान हलवायची, नाहीतर खाली पाहायची. वाचायला उभं केलं की पुटपुटल्यासारखं वाचायची. बाईंचा समज झाला की मुलगी मंद आहे. तसं त्या बोलल्या नाहीत, पण तिला प्रश्न विचारणं त्यांनी सोडून दिलं, आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

शाळेचं फाटक ओलांडलं की तीच मुलगी धबधब्यासारखी सुरू व्हायची. माझी गल्ली येईपर्यंत आमची वाट एक होती. तेवढ्या वाटेत ती मला काय काय सांगायची! काल कुणाच्या बैलाने भट्टीची राख अंगावर घेतली, टांगेवाल्याने चाक उलटं आणून वर वडिलांनाच कसं शिकवलं, वडिलांनी त्याला कसं वाटेला लावलं. ती सांगायला लागली की माणसं उभी राहायची. मी पोट धरून हसायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच तोंडचे शब्द वहीच्या डाव्या बाजूला लिहायची. या दोन गोष्टींत काही विसंगत आहे असं मला तेव्हा जाणवलं नाही. अकरा वर्षांची होते, हे काही फार मोठं कारण नाही.

एकदा मी भीत भीत तिला विचारलं, "तुला राग येतो का गं माझा, वहीचा?"

"नाई," ती म्हणाली. "तुह्या अक्षरात माहे शब्द लय चांगले दिसतात."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून तर ते अजून मनात आहे.

थंडीच्या दिवसांत बाईंनी निबंध लिहायला दिला, 'माझे वडील'. नमुना फळ्यावर होता. माझे वडील पहाटे उठतात, स्नान करून देवपूजा करतात, दहा वाजता कचेरीत जातात. तशीच तेव्हा रीत होती. फळ्यावरचं सुवाच्य अक्षरात उतरवलं की निबंध झाला. ज्यांचे वडील कारखान्यात होते त्यांनीही त्यांना दहा वाजता कचेरीत पाठवलं. माझ्या मैत्रिणीने फळ्यावरचं काही उतरवलं नाही. तिच्या वहीत एकच ओळ होती. 'बाबा धाव चढवून राहिले.'

बाईंनी ती ओळ लाल शाईने खोडली, खाली दुरुस्त करून लिहिली आणि सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्याने वाचली. "वडील धावत आहेत."

"नाही, बाई."

कोण बोललं ते क्षणभर आम्हाला कळलंच नाही. इतक्या दिवसांत तिचा आवाज वर्गात कुणी ऐकला नव्हता. ती उभी होती.

"बाबा पयत नाहीत, बाई. त्यायच्यानं पयवत नाही. त्यायचा पाय मोडला हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. त्या 'पयत नाहीत'चा अर्थ 'पळत नाहीत' असा आहे हे बाईंच्या लक्षात यायला जरा वेळ गेला. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"मग धाव म्हणजे काय?"

मैत्रिणीने दोन्ही हात वर करून हवेत एक मोठं वर्तुळ काढलं. मग ती थांबली. तिची नजर माझ्याकडे, माझ्या मांडीवरच्या वहीकडे गेली. जो शब्द तोंडातून निघेल तो तिथे जाणार हे तिला ठाऊक होतं. "सांगता नाही येत," ती म्हणाली. "पाहा लागते."

मला वाटलं, आता बाई रागावणार. बाई म्हणाल्या, "कधी पाहता येईल?"

"आइतवारी."

रविवारी सकाळी बाई खरोखरच निघाल्या, आणि रस्ता दाखवायला मला बरोबर घेतलं. गोहलपूरच्या त्या गल्लीत पांढऱ्या लुगड्यातली, पायात चपला घातलेली, हातात छत्री धरलेली बाई पाहून माणसं हातातली कामं थांबवत होती. लोहाराच्या दारासमोर मोकळी जागा होती. तिथे गोवऱ्या गोल रचून पेटवल्या होत्या आणि त्या आगीत लोखंडाचं एक भलंमोठं कडं लालभडक होत होतं. शेजारी लाकडी चाक आडवं ठेवलेलं, आणि वडील एक पाय लांब करून त्या चाकाशी बसलेले. मैत्रीण परकराचा ओचा खोचून हातात पाण्याची घागर घेऊन उभी होती. आम्हाला पाहून ती लाजली नाही. म्हणाली, "बाई, इकडे उभ्या राहा. तिकडे धूर येते."

मग तिने सांगायला सुरुवात केली. हे मधलं जाड लाकूड म्हणजे तुंबा, त्यातून निघालेले हे आरे, आणि चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी बसते ती धाव. धाव नसेल तर लाकूड चार दिवसांत दगडावर झिजून जाईल. बाई वाकून पाहत होत्या. "पण ही पट्टी खिळ्यांनी का नाही ठोकत?"

"खिळे उखडतात, बाई. धाव अशी बसते का मंग निघतच नाही. कारण ती लहान हाय."

"लहान?"

"चाकापरस दोन बोटं लहान कापतात. थंडी असली का चढतच नाही. तापली का फुगते. फुगली का घालाची, अन् वरून पाणी. मंग ती आवळते, अन् सगळे आरे आपापल्या जागी घट्ट."

उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे वाक्य बाईंनी आम्हाला गेल्याच महिन्यात पाठ करायला लावलं होतं. माझं ते तोंडपाठ होतं. मैत्रिणीला ते म्हणता आलं नव्हतं.

वडिलांनी खूण केली. दोघा जणांनी सांडश्यांनी ते लाल कडं उचललं, चाकावर बसवलं आणि घणाने चहूकडून ठोकलं. लाकडातून धूर निघाला, एका बाजूने ज्वाळाही उठली. मला वाटलं, चाक जळालं. पण पाणी कुणीच टाकेना. सगळे माझ्या मैत्रिणीकडे पाहत होते. ती चाकावर ओणवून कान देऊन ऐकत होती.

"आता!" ती ओरडली आणि स्वतःच घागर रिकामी केली. तिच्या मागोमाग बाकीच्यांनी पाणी ओतलं. चर्र आवाज झाला, वाफेत सगळे दिसेनासे झाले, आणि त्या वाफेतून लाकूड करकरत आवळत गेल्याचा आवाज आला. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या एका शब्दावर चार बाप्ये हलले होते.

"तुला कसं कळलं, आत्ताच पाणी टाकायचं ते?" बाईंनी विचारलं.

"लाकूड बोलते. पयले तडतड करते, मंग एकदम चूप होते. चूप झालं का टाकाचं. आधी टाकलं तर धाव वाकडी बसते. उशीर झाला तर लाकूड जळते."

बाई तिथेच एका ओंडक्यावर बसल्या. वडील लंगडत पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तरीणबाई, पोरगी त्रास तर नाही देत? घरी तर तोंड बंद नसते तिचं. शाळेतही अशीच बडबडत असन."

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "शाळेत ती एक शब्द बोलत नाही, मिस्त्री. तिची चूक नाही. माझी आहे."

वडिलांनी घरात आवाज देऊन गूळ आणि पाणी मागवलं. बाईंनी ते घेतलं. मी बाईंना घेताना पाहिलं आणि मीही घेतलं. घरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्याकडून वही मागून घेतली. त्यांनी 'अशुद्ध' वर काट मारून तिथे 'घरचा शब्द' असं लिहिलं, आणि 'शुद्ध' च्या जागी 'पुस्तकातला शब्द'. मग त्या वर्गाला म्हणाल्या, "काल घरी गेल्यावर मी ट्रंकेतून कोश काढला. धाव हा शब्द त्यात आहे. चाकाची लोखंडी पट्टी, असाच अर्थ दिला आहे. शब्द पुस्तकात होता. मलाच ठाऊक नव्हता, आणि मी तो लाल शाईने खोडला." त्या माझ्या मैत्रिणीच्या जागेपाशी गेल्या, तिची निबंधाची वही उघडली आणि स्वतःची दुरुस्ती खोडली.

शिक्षकाने वर्गासमोर चूक कबूल केलेली आम्ही कुणी कधी पाहिली नव्हती. मोठी माणसं चुकतच नसत. चुकलीच तर ते आपण पाहिलं नाही असं दाखवायचं असतं, एवढं आम्हाला घरून शिकवलेलं होतं. त्या दिवशी पडवीत आम्ही कुणीच खेळलो नाही. नुसतं बोलत बसलो.

त्यानंतर शाळेत एक वेगळाच खेळ सुरू झाला. आज्या, मावश्या, आत्या यांच्याकडून मुली शब्द वेचून आणायला लागल्या. निबंधाचा नमुना फळ्यावरून गेला. बाई सांगायच्या, काल स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते अर्धं पान लिहा. आधी घरी सांगाल तसं, मग पुस्तकात असतं तसं. दोन्ही आलं पाहिजे. माझ्या मैत्रिणीला याचा ध्यासच लागला. घरचं लिहून झालं की ती पुस्तकी भाषेत लिहायला बसायची आणि एकेका शब्दासाठी बाईंचं डोकं खायची. "बाई, चूप होते ह्याले पुस्तकात काय म्हणतात? शांत होते? पण शांत तर माणूस होते. लाकूड कसं शांत होईन?" बाईंना कधी उत्तर यायचं, कधी नाही. नाही आलं की त्या तसं सांगायच्या.

पंचाईत झाली ती माझी. माझं अक्षर सुंदर, माझी भाषा शुद्ध, आणि मला लिहायला काही सापडेना. मी लिहायची, काल सूर्योदय रमणीय होता. मैत्रीण वाचून म्हणायची, "तू उठली होती का सूर्य उगवते तेव्हा?" मी उठलेली नसायची. "मंग काहून लिहिते? तुह्या घरात काहीच होत नाही का?" मला राग यायचा, आणि खरं म्हणजे माझ्या घरात काय होतं ते मला सांगता येत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर शाळा तपासायला इन्स्पेक्टर साहेब आले. मराठी होते, कोकणातले असावेत. टांग्यातून उतरले आणि सरळ आमच्या वर्गात आले. गणिताचा प्रश्न त्यांनी मला घातला. चाकाचा व्यास साडेतीन फूट, तर परीघ किती? मी घडघड सांगितलं, "अकरा फूट."

"कशावरून?"

"बावीस सप्तमांशाने गुणलं."

"तेच का? पंचवीस सप्तमांशाने का नाही?"

मी पुन्हा बावीस सप्तमांशच म्हटलं. मग शेजारून आवाज आला, "मी दाखवू का, साहेब? पण बाहेर या लागन."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई दारातून बाजूला झाल्या. माझी मैत्रीण हातात खडू आणि सुतळी घेऊन साहेबांच्या टांग्यापाशी गेली, आणि तिच्या मागे साहेब, त्यांच्या मागे सगळी शाळा. चाक जिथे जमिनीला टेकलं होतं तिथे तिने चाकावर एक खूण केली आणि खाली मातीत एक रेघ ओढली. "भैया, गाडी जरा आगे लो. धीरे धीरे. बस!" चाकावरची खूण फिरून खाली आली तिथे तिने दुसरी रेघ ओढली. मग चाकाच्या मधोमध आडवी सुतळी धरून अलीकडच्या काठापासून पलीकडच्या काठापर्यंत मापली आणि तेवढीच तोडली. ती सुतळी तिने दोन रेघांच्या मधे एकदा, दोनदा, तीनदा ठेवली. थोडी जागा उरली.

"तीनदा बसते, साहेब, अन् हे येवढं उरते. लहान चाक घ्या, मोठं घ्या, तीनदाच बसते अन् उरतेच. हे जे उरते ना, त्याच्यासाठी ते बावीस अन् सात हायेत. आमचे बाबा धाव कापतात तवा हे उरलेलं इसरले तर धाव पुरतच नाही."

साहेबांनी सुतळी स्वतः हातात घेऊन, धोतर सावरत उकिडवं बसून, एकदा ठेवून पाहिली. टांगेवाला म्हणाला, "सही है, साहब." आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी आम्हाला गप्प केलं नाही.

आठ दिवसांनी साहेबांचा शेरा आला. गणित उत्तम, मुली धीट. परंतु भाषा ग्राम्य असून तीत सुधारणा व्हावी. शाळेच्या कमिटीने बाईंना बोलावलं. माझे वडील कमिटीवर होते, म्हणून तिथे काय झालं ते आम्हाला संध्याकाळी जेवताना कळलं.

"कमिटीतले ते वकीलसाहेब फार तापले होते," वडील म्हणाले. "म्हणाले, उद्या आमच्या मुली लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेल्या तर तिथे काहून आणि टोंगळा म्हणणार का? तर त्या बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, पुण्याला गेल्या तर पुण्याचं बोलतील. त्यांना दोन्ही येतं. मला इथे आले तेव्हा एकच येत होतं."

वडील हसत होते. त्यांना ते उत्तर आवडलं होतं की त्यांना त्याची गंमत वाटत होती, हे मला ठरवता येईना. आई भाकरी थापत होती. ती तव्याकडे पाहतच म्हणाली, "मीही काहूनच म्हणायची. या घरात आले, आणि सासूबाईंनी आठ दिवसांत बंद करवलं. मग पुष्कळ दिवस मी बोलतच नव्हते. तुम्हाला वाटायचं, नवी नवरी लाजते."

वडिलांचा घास हातात राहिला. आईचं माहेर नागपूरकडचं, हे आम्हाला ठाऊक होतं. ती तिथे कशी बोलत असेल याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. "अच्छा," वडील एवढंच म्हणाले.

कमिटीने ठरवलं की शाळेच्या वेळात पुस्तकातलीच भाषा, दुसरं काही नको. मला वाटलं होतं, बाई भांडतील, नोकरी सोडून देतील. त्यांनी काहीच केलं नाही. शेऱ्याखाली सही केली आणि ती शब्दांची वही घरी नेली. मी त्यांच्यावर नाराज झाले. पुढच्या रविवारी त्यांनी आपल्या भाड्याच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आणि निरोप पाठवला, ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. पहिल्या खेपेला आम्ही दोघीच होतो. पावसाळ्यापर्यंत सतरंजी पुरेनाशी झाली. शाळेत बाई कमिटीचं ऐकत होत्या आणि रविवारी स्वतःचं. अशी नोकरी करणं भांडून निघून जाण्यापेक्षा किती अवघड असतं, ते मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा मला कळलं.

त्या ओट्यावर मी माझं पहिलं खरं पान लिहिलं. आई दिवसभरात कुणाशी कशी बोलते, ते. दूधवाल्याशी हिंदीत, तोऱ्यात. आमच्याशी मराठीत, घाईघाईने. आजीशी फक्त 'हो' आणि 'बरं'. आणि दुपारी कामं आटोपली की तुळशीला पाणी घालताना स्वतःशीच, हळू, नागपूरकडचं. हे मी आठ दिवस लपून ऐकलं होतं. बाईंनी पान वाचलं आणि म्हणाल्या, "हे आईला वाचून दाखव." माझी मैत्रीण म्हणाली, "आता पाहाले लागली तू." आईला मी ते वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "तुळशीपाशीचं आजीसमोर वाचू नको, अच्छा?"

सातवीची परीक्षा आम्ही दोघी एकदमच दिली. मराठीच्या पेपरात माझ्या मैत्रिणीला माझ्याहून जास्त गुण मिळाले. निबंध तिने पुस्तकाच्या भाषेत, एकही चूक न करता लिहिला होता. कोणतं घरचं आणि कोणतं पुस्तकातलं हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा नेमकं ठाऊक होतं. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. बाई पुन्हा गोहलपूरला गेल्या, या वेळी एकट्या. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मैत्रीण एवढंच सांगायची की बाबा पुष्कळ वेळ घण हातात धरून बसले होते आणि शेवटी म्हणाले, "दोन वर्षं देतो." दोन वर्षांत ती मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं करून बाहेर पडली. लग्न नंतर झालं, शिकवणाऱ्याच मुलाशी, आणि दोघांना नोकरी मिळाली ती कुंडमला, पार जंगलाच्या तोंडाशी. तोवर बाई पुण्याकडे परत गेल्या होत्या. त्यांच्या आई आजारी होत्या. त्यांची पत्रं यायची. माझ्या पत्रांना उत्तर एक पान, तिच्या पत्रांना चार. मला त्याचा थोडा मत्सर वाटे, पण आश्चर्य वाटत नसे.

एकदाच मी कुंडमला गेले. मोटारीने धूळ खात, सालईच्या झाडांमधून. तिची शाळा म्हणजे एक खोली, वर कौलं. तीस-एक मुलं होती, बहुतेक गोंडांची. ती शिकवत होती हिंदीत, पण फळ्यावरचं चित्र दाखवून आधी मुलांनाच विचारत होती, तुम्ही याला काय म्हणता? मुलं ओरडून सांगायची. ती तो शब्द म्हणून पाहायची, चुकायची, मुलं खिदळायची, आणि ती पुन्हा म्हणायची. तो शब्द तिला नीट म्हणता येईपर्यंत तिने मुलांना हिंदी शब्द दिला नाही. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. मीही तेव्हा शहरातल्या शाळेत शिकवत होते आणि माझा वर्ग चांगला समजला जायचा. तिथे बसल्या बसल्या मला वाटलं, उद्यापासून मी हिच्या वर्गात बसायला हवं.

शाळा सुटल्यावर तिने चूल पेटवली आणि चहा केला. नवरा कामाने जबलपूरला गेला होता. कौलं गळतात, वर अर्ज केला तरी कुणी येत नाही, म्हणून ती आता स्वतःच शिडी लावून चढणार होती. वडिलांचा पाय आता अगदीच गेला होता, पण बसल्या जागी काम चालू होतं. मी विचारलं, इथे एकटं वाटत नाही का? तर म्हणाली, "तीस पोरं हायेत. एकटी कवा होऊ?"

मोटार सुटायच्या वेळेला तिने माझ्या हातात चारोळीची पुडी दिली, मुलांनी जंगलातून वेचून आणलेली. वाटेत मी त्यातली थोडी खाल्ली आणि बाकीची आईसाठी ठेवली.